मणका कट्ट वाजला, आता पुढे काय?

पालथं झोपलेल्या माणसाच्या पाठीवर दोन तळवे टेकतात. तो श्वास सोडतो, त्याच क्षणी एक छोटा, चपळ दाब पडतो आणि कट्ट असा आवाज येतो. टेबलावरचा माणूस सुटकेनं म्हणतो, ‘बसला एकदाचा मणका.’ कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातांनी मणक्यांवर उपचार करण्याची पद्धत, आणि तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज या एका वाक्यात आहे. मणका सरकलाच नव्हता, तर बसणार कुठून? आराम मात्र खरा असतो. तो कशामुळे मिळाला आणि किती वेळ टिकणार, हे ज्याला समजतं तो त्या आरामाचा उपयोग करून घेतो. ज्याला समजत नाही तो दर पंधरा दिवसांनी त्याच टेबलावर येऊन झोपतो.

आपल्या कण्यात हलणारे मणके २४ : मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. शेजारच्या दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. मागच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक छोटा सांधा असतो, त्याला फॅसेट सांधा म्हणतात. अ‍ॅडजस्टमेंटचा म्हणजे त्या चपळ दाबाचा झटका लागतो तो मुख्यतः या फॅसेट सांध्यांना. त्यांच्या आत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर गेले की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज तिचा. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. पूर्वी, विशेषतः १९७१ च्या एका प्रयोगानंतर, असं मानलं जाई की बुडबुडा फुटल्यामुळे तो येतो. २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचं चालू एमआरआयखाली चित्रण झालं तेव्हा दिसलं की आवाज पोकळी तयार होतानाच येतो आणि नंतरही ती पोकळी तिथंच राहते. म्हणूनच एकदा वाजलेला सांधा साधारण २० मिनिटं पुन्हा वाजत नाही.

मग बरं का वाटतं? सांध्याभोवतीच्या आणि खोल स्नायूंमधल्या ताण ओळखणाऱ्या चेतातंतूंना एका क्षणात मोठा संदेश जातो. दुखण्याचे संदेश काही काळ दबतात आणि आखडून धरलेला स्नायू सैल पडतो. मान जी डावीकडे अर्धीच वळत होती, ती पुरती वळते. हा परिणाम काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. आवाज आला नाही तरी तो होतो. आवाज हा यशाचा पुरावा नाही. मी याला उघडलेली खिडकी समजतो. तेवढ्या वेळात काय केलं जातं, यावर पुढचे महिने अवलंबून असतात.

या पद्धतीचा उगम थोडक्यात सांगायला हवा, कारण आजचे दावे तिथूनच येतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट इथं १८ सप्टेंबर १८९५ रोजी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं सांगितलं जातं. त्यावरून पामर यांनी सिद्धान्त मांडला की बहुतेक रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे. या सिद्धान्ताला आजही पुरावा नाही. हातांच्या या तंत्रातून पाठदुखी, मानदुखी आणि मानेतून चढणाऱ्या डोकेदुखीला मात्र मदत होते, याला बरा आधार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीवर औषधाआधी करून पाहायच्या उपायांत मणक्यांवरच्या या हस्तोपचाराचा समावेश केला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना त्याला व्यायामाच्या जोडीनंच परवानगी देतात, एकट्याला नाही. माझ्या मते त्या सूचनेतला हाच शब्द सगळ्यात मोलाचा आहे. दमा, मधुमेह किंवा मुलांचं कानाचं दुखणं मणका दाबून बरं करतो असं कुणी सांगितलं, तर तिथून उठावं.

हात लावण्याआधी

चांगल्या उपचारकाची पहिली भेट बरीचशी बोलण्यात आणि तपासण्यात जाते. दुखणं कमरेपुरतं आहे की पायात उतरतं? गुडघ्याच्या वर थांबतं की खाली पावलापर्यंत जातं? खोकताना, शिंकताना कळ जाते का? मग उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नस चिडलेली असण्याची शक्यता वाढते. टाचांवर चालवून पाहतात, चवड्यांवर चालवून पाहतात, पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलायला लावतात. अंगठ्यात जोर नसेल तर संशय कमरेच्या पाचव्या नसेवर, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्रिकास्थीच्या पहिल्या नसेवर. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडीनं टिचकी मारून उसळी बघतात. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता कुणी थेट टेबलावर झोपवत असेल तर त्या टेबलावर झोपू नये.

एक्स-रे सरसकट लागत नाही. धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत चित्र काढून उपचारात सहसा काही बदलत नाही. उलट भीती वाढते. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ऐकून वाकायचंच सोडून दिलेली माणसं पुष्कळ आहेत. अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. केस पिकावेत तशी चकती झिजते. चित्रातली झीज आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ तपासणीतूनच घालावा लागतो.

काही लक्षणांत मात्र हस्तोपचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांतली ताकद उतरणं. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि तिथून खाली नसांचा झुपका जातो. तो झुपका चेपला गेला की ही लक्षणं येतात, आणि इथं तासांचा हिशेब असतो. ताप आणि पाठदुखी एकत्र, पूर्वी झालेला कर्करोग, कारणाशिवाय घटणारं वजन, विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पडल्यानंतर किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या माणसात अचानक उठलेली कळ : यांतही आधी डॉक्टर. ठिसूळ हाडं, संधिवाताचा ऱ्हुमेटॉइड प्रकार (त्यात मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात) आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

झटका नीट कसा दिला जातो

कमरेसाठी बहुधा कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्यामागे. खालचा हात हलकेच पुढे ओढून छाती वरच्या दिशेला वळवतात, ती नेमकी हव्या त्या मणक्यापर्यंत वळेल एवढीच. मग त्या जागची ढिलाई पूर्ण काढून घेतात, म्हणजे सांधा त्याच्या टोकाशी येऊन थांबतो. इथं दहा-पंधरा सेकंद थांबून विचारायला हवं, ‘पायात काही उतरतंय का?’ उतरत असेल तर काम तिथंच थांबवायचं. नसेल तर श्वास सोडताना सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वेळात छोटा झटका. अंतर छोटं, वेग जास्त. ताकद तुलनेनं कमी.

बिघडतं ते बहुतेक वेळा ढिलाई न काढल्यामुळे. मग झटका लांबतो, कंबर पिळवटली जाते आणि चकतीच्या बाहेरच्या तंतुमय कड्यांवर ताण येतो. दुसरं कारण भीती. अंग आखडलेलं असेल तर झटका स्नायूंवर पडतो, सांध्यावर नाही. आखडलेल्या माणसावर जोर वाढवणं ही चूकच. पद्धत बदलायला हवी. टेबलाचा खालचा भाग हळूहळू वाकवत कंबर ताणण्याची पद्धत आहे, झटक्यासरशी थोडा खाली बसणारा टेबलाचा भाग आहे, स्प्रिंगचं छोटं उपकरण आहे. वयस्कर माणसांना आणि पायात कळ उतरणाऱ्यांना हे सौम्य मार्ग बरे.

मानेचं वेगळं बोलायला हवं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान जोरात वळवल्यानंतर धमनीचं आतलं अस्तर फाटल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत. अशी फाटलेली धमनी स्वतःच मानदुखी आणि डोकेदुखी देते, त्यामुळे माणूस आधीच फाटलेली धमनी घेऊन उपचाराला येतो असंही घडतं. म्हणून पूर्वी कधी न जाणवलेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, तिच्यासोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, चेहऱ्याचा बधिरपणा किंवा तोल जाणं यांतलं काहीही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नये. माझं मत विचाराल तर मानेला जोरदार झटक्याऐवजी हळूहळू हलवण्याचे प्रकार आणि पाठीच्या वरच्या भागाची अ‍ॅडजस्टमेंट आधी करून पाहावी. वरची पाठ मोकळी झाली की मानही बऱ्याचदा सुटते. स्वतःची मान स्वतः हनुवटी धरून मोडणं तर नकोच. त्यात ताठरलेला सांधा तसाच राहतो आणि आधीच सैल असलेला शेजारी रोज वाजतो.

उपचारानंतर २४ तास अंग ठणकणं साधारण आहे, जवळपास निम्म्या लोकांना ते जाणवतं. दोन दिवसांनंतरही वाढत राहिलं किंवा पायात नव्यानं मुंग्या आल्या तर ते साधारण नाही. सहा भेटींत किंवा महिनाभरात चालणं, वाकणं, झोप यांत मोजता येईल असा फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवं. पहिल्याच दिवशी वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्यांपासून दूर राहावं.

खिडकी उघडी असताना

टेबलावरून उतरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे १०-१५ मिनिटं हात मोकळे हलवत चालणं. लगेच वाहनात बसून तासभर प्रवास केला तर मिळालेला मोकळेपणा बसल्या जागी आटतो. दुसरी गोष्ट : जी हालचाल नव्यानं मिळाली ती त्याच दिवशी वापरायची. मान जास्त वळायला लागली असेल तर दर दोन तासांनी दोन्ही बाजूंना सावकाश दहा वेळा. मेंदूला ती हालचाल सुरक्षित आहे हे पटायला पुनरावृत्ती लागते.

आणि मग कण्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा दम वाढवायचा. इथं दम जास्त महत्त्वाचा, जोर कमी. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन व्यायाम बहुतेकांना पुरतात. पहिला : उताणं झोपून एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे, जणू डोकं वजनकाट्यावर आहे आणि काटा शून्यावर आणायचाय. चूक होते ती हनुवटी छातीकडे ओढण्यात आणि कमरेची पोकळी हातांवर चेपण्यात. दुसरा : कुशीवर कोपरावर टेकून कंबर उचलायची. सुरुवातीला गुडघ्यांवर, जमलं की पावलांवर. वरचा खांदा पुढे कलंडला की व्यायाम वाया जातो. तिसरा : हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय समांतर लांबवायचे, मग उलट. पाय कमरेच्या वर गेला की कंबर खोल जाते आणि फॅसेट सांधेच चेपले जातात, म्हणून टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची, छताकडे नाही. प्रत्येक स्थिती ८ ते १० सेकंद. प्रत्येक बाजूला आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. वेळ वाढवण्याऐवजी वेळा वाढवाव्यात. दीर्घकाळ थरथरत धरून ठेवलं तर चुकीचा आकारच पक्का होतो. पायात कळ उतरत असेल तर त्या दिवशी फक्त चालणं.

सकाळी उठल्या उठल्या मात्र हे करू नये. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. आपण सकाळी संध्याकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरनं उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं, बोटं पायांना टेकवण्याचे ताण आणि जड उचलणं टाळलं, एवढ्या एकाच बदलानं काहींचं जुनं दुखणं कमी होतं. उठतानाही कुशीवर वळून, पाय पलंगाखाली सोडून हातानं रेटा देत उठावं. बुटाची नाडी बांधायला पाय स्टुलावर घ्यावा. उसण भरलेली असताना शिंक आली तर एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेकून गुडघे किंचित वाकवावेत.

बसण्याची एकच आदर्श पद्धत नसते. कितीही ताठ बसलं तरी तासभर न हलता बसणं चकतीला मानवत नाही. मोठ्यांच्या चकत्यांमध्ये जवळपास रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो-उतरतो तेव्हाच पोषण आत झिरपतं. म्हणून दर अर्ध्या तासानं मिनिटभर उभं राहणं हे महागड्या खुर्चीपेक्षा मोलाचं. कमरेमागची उशी पट्ट्याच्या पातळीवर हवी, पाठीच्या मध्यावर आली तर ती उलट पोक काढते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर. पण दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर ती खाली घ्यायची, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी दिवसभर वर राहते आणि मानेच्या मागचे सांधे चेपतात. ही एक गोष्ट तपासताना फार वेळा सुटते.

ओझं उचलताना गणित साधं आहे. कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर असतात. दहा किलोचं खोकं ५० सेंटिमीटर पुढे धरलं तर केवळ त्या खोक्यासाठी स्नायूंना १०० किलोंएवढं ओढावं लागतं. तेच पोटाशी धरलं तर हा भार निम्म्याखाली येतो. वळायचं तर पावलं वळवायची. आणि दीर्घ प्रवासानंतर उतरल्या उतरल्या सामान ओढू नये. बराच वेळ वाकून बसल्यानं मागचे बंध ताणून सैल पडतात. वीस मिनिटं पूर्ण वाकून राहिल्यावर दोन मिनिटांच्या विश्रांतीत कण्याचा ताठपणा निम्माच परत येतो, असं मोजून पाहिलेलं आहे. चार-पाच मिनिटं चालावं, मग हात घालावा.

मैदानावर

खेळाडूच्या पाठीत पहिला प्रश्न असतो : दुखणं वाकताना आहे की मागे झुकताना? वाकताना वाढणारं दुखणं बहुधा चकतीकडे बोट दाखवतं. तरुण खेळाडूत मागे झुकताना आणि एका बाजूला दुखत असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीतल्या अरुंद पट्टीला ताणाची चीर गेली असण्याचा संशय घ्यावा. वेगवान गोलंदाजांचं हे नेहमीचं दुखणं. पुढचा पाय आपटताना कंबर मागे झुकते, बाजूला कलते आणि पिळवटते, तिन्ही एकाच वेळी. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ही चीर जास्त करून डावीकडे मिळते. डेनिस लिली यांची कारकीर्द १९७३ मध्ये यामुळेच धोक्यात आली होती. जसप्रीत बुमराह २०१९ मध्ये याच कारणानं बाहेर बसला आणि २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर अनेकदा दिसतच नाही. अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतच्या गोलंदाजाची एका बाजूची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर एमआरआय हवाच. तोपर्यंत त्या मणक्याला झटका देणं चुकीचं. इथं सांधा अडकलेला नसतो, हाड थकलेलं असतं, आणि आराम वाटला म्हणून तो पुन्हा गोलंदाजी करतो ही सगळ्यात वाईट गोष्ट.

गोल्फ आणि टेनिसमध्ये उलट प्रकार असतो. कमरेचा एकेक मणका जेमतेम एक-दोन अंश फिरू शकतो. खरं वळणं खुब्यांतून आणि वरच्या पाठीतून यायला हवं. खुबा आत वळत नसेल तर ती कमतरता कंबर भरून काढते आणि तीच दुखते. अशा माणसाच्या कमरेला दर आठवड्याला झटका देऊन काही साधत नाही. पालथं झोपवून गुडघे काटकोनात वाकवून दोन्ही पावलं बाहेर पडू द्यावीत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी पडलं तर काम त्या खुब्यावर करायचं.

वजन उचलणाऱ्यांत बार पायांपासून दूर जाणं आणि उचलताना नितंब आधी वर येणं, या दोन चुका कंबर खातात. उचलण्याआधी पोटात श्वास घेऊन चारही बाजूंनी पोट ताठ करायचं. पट्टा असेल तर पोट त्यावर आतून रेटायचं. पट्टा पाठ धरत नाही, पोटाला रेटायला भिंत देतो. सायकलस्वाराची मान दुखत असेल तर आधी हँडल किती लांब आणि खाली आहे ते पाहावं.

झुंजीच्या खेळात टक्कर झाल्यावर एका हातात वीज गेल्यासारखं झालं तर बहुधा खांद्याजवळच्या नसा ताणलेल्या असतात. पण दोन्ही हातांत, किंवा हातापायांत एकदम मुंग्या आल्या तर मज्जारज्जूला इजा आहे असं धरून चालायचं. त्या खेळाडूला हलवायचं नाही, बसवायचं नाही, डोकं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहायची. मान ‘मोकळी’ करून द्यायला पुढे येणाऱ्याला तिथंच थांबवायचं.

राहिला प्रश्न सामन्याआधी अ‍ॅडजस्टमेंट घ्यावी का, हा. पूर्वी घेतली असेल आणि अंगाला मानवली असेल तर दोन दिवस आधी घ्यावी, म्हणजे अंग ठणकलं तरी उतरायला वेळ मिळतो. पहिल्यांदाच घ्यायची असेल तर सामन्याच्या आठवड्यात नको. घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सराव निम्म्या वेगानं करावा, मोकळी झालेली हालचाल पुरी वापरत, आणि पूर्ण जोर तिसऱ्या दिवसापासून.